इंग्लिश रौप्य शमादाने : ओतकाम आणि ठसेकाम

मेणबत्ती उभी करून ठेवण्याच्या साधनाला मराठीत 'शमादान' हा फारसीतून आलेला जुना शब्द आहे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चांदीची जी शमादाने निर्माण झाली, त्यांना वस्तुसंग्रहालयांत व संग्राहकांच्या बाजारात मोठा मान आहे. या मानात मात्र एक पंक्तिप्रपंच दिसून येतो. लंडनच्या कारागिरांनी चांदी ओतून केलेली शमादाने उत्तम, आणि शेफील्डच्या कारखान्यांत पातळ पत्र्यावर ठसा उठवून, आत राळ भरून केलेली शमादाने दुय्यम, असा समज रूढ झालेला आहे. लिलावाच्या सूचीत पहिल्या प्रकारच्या वस्तूचे वजन औंसांत नमूद केलेले असते. दुसऱ्या प्रकारापुढे 'भरलेले' एवढाच शेरा असतो. हा समज सर्वस्वी निराधार आहे असे नाही. परंतु त्यात चांदीच्या वजनावरून कारागिरीची प्रत ठरविली जाते, आणि वजन व कारागिरी या दोन गोष्टी एक नव्हेत. शमादान घडले कसे, ते घडत असताना कायद्याचा व कराचा कोणता भार त्यावर होता, आणि ते कोणाच्या मेजासाठी होते, हे पाहिल्यावाचून दोहोंपैकी एकाला वरचे आसन देणे योग्य होणार नाही.

इंग्लंडमधील श्रीमंत घराण्यांच्या दृष्टीने चांदीचे भांडे म्हणजे एका परीने साठवून ठेवलेला पैसाच होता. अडचण आली की भांडे वितळवावे, आणि अभिरुची बदलली की त्याच चांदीचे नवे करून घ्यावे, ही सर्वमान्य रीत होती. शिवाय १६४२ मध्ये सुरू झालेल्या यादवी युद्धात राजपक्ष व पार्लमेंटपक्ष या दोघांनीही सैन्याच्या खर्चासाठी चांदीची भांडी गोळा केली. ऑक्सफर्डच्या महाविद्यालयांतील भांडी पहिल्या चार्ल्सच्या टांकसाळीत गेली. त्यामुळे १६६० पूर्वीची घरगुती वापरातील इंग्लिश रौप्य शमादाने अत्यंत दुर्मिळ आहेत. दुसऱ्या चार्ल्सच्या काळापासून ती बऱ्यापैकी संख्येने आढळू लागतात. ही पहिली शमादाने पत्र्याची आहेत. पत्रा ठोकून व वळवून केलेला खांबासारखा दांडा, त्यावर उभ्या पन्हळी, चौकोनी किंवा अष्टकोनी रुंद बैठक, आणि दांड्याच्या खालच्या भागाला एक पसरट कडे, असे त्यांचे रूप असते. ती दिसण्यात भारदस्त असली तरी हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा हलकी लागतात. म्हणजे पातळ पत्र्याचे शमादान ही शेफील्डने मागाहून काढलेली क्लृप्ती नव्हे. इंग्लिश परंपरेची सुरुवातच तेथून होते. दुय्यमपणाचा शिक्का मारणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट सहसा येत नाही.

शमादानाचा विचार करताना मेणबत्तीला विसरून चालत नाही. सामान्य मेणबत्ती गुराच्या किंवा मेंढीच्या चरबीची असे. ती धुरकट जळे, तिला वास येई, आणि तिची वात पुरी न जळता वर काजळी धरीत असल्यामुळे ती कात्रीसारख्या चिमट्याने वरचेवर कापावी लागे. मधमाश्यांच्या मेणाची बत्ती स्वच्छ जळे, पण ती महाग होती. त्यातच १७०९ च्या कायद्याने मेणबत्त्यांवर कर बसला. तो चरबीच्या बत्तीवर थोडा आणि मेणाच्या बत्तीवर त्याच्या अनेक पट होता, आणि १८३१ पर्यंत तो टिकला. चांदीच्या शमादानात जी बत्ती लावावयाची ती बहुधा मेणाची. म्हणून शमादानांची जोडी किंवा चौकडी मेजावर मांडणे हे केवळ उजेड करणे नव्हते, तर उजेडाचा खर्च झेपतो हे पाहुण्याला दाखविणे होते. शमादाने जोडीने होत असत, आणि जोड फुटली तर एकट्या शमादानाची किंमत निम्म्याहूनही खाली येते.

ज्या चांदीतून ही शमादाने घडत तिचा कस कायद्याने ठरलेला होता. ट्रॉय पौंडाचे औंस १२ आणि औंसाचे पेनीवेट २०. पौंडभर धातूत ११ औंस २ पेनीवेट शुद्ध चांदी आणि उरलेले तांबे, हा 'स्टर्लिंग' कस होय. म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. आपल्याकडील मापांत सांगावयाचे तर ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा आणि १८० ग्रेनचा इंग्रजी अमदानीतील तोळा, म्हणून एक औंस बरोबर २ तोळे ८ मासे होतो आणि ट्रॉय पौंड ३२ तोळ्यांचा. १८३५ पासून पडलेल्या कंपनीच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी होती. तेव्हा इंग्लिश शमादानाची चांदी रुपयाच्या चांदीहून किंचित सरस होती असे म्हणता येते.

इंग्लंडचे नाणेही स्टर्लिंग कसाचेच असल्यामुळे नाणे आणि भांडे यांच्यात वितळण्यापलीकडे अंतर नव्हते. नाण्यांच्या कडा कातरून ती चांदी सोनारांकडे जाऊ लागली, तेव्हा नाण्यांच्या रक्षणासाठी १६९७ मध्ये भांड्यांचा कस वाढवून ११ औंस १० पेनीवेट, म्हणजे हजारात ९५८ भागांच्या वर, नेण्यात आला. याला 'ब्रिटानिया' कस म्हणतात. तो १७२० पर्यंत सक्तीचा होता. या काळातील शमादाने साधी, निष्कलंक पृष्ठांची व उत्तम प्रमाणबद्धतेची आहेत, आणि ब्रिटानिया चांदी मऊ असल्यामुळेच नक्षी टाळली गेली असे पुष्कळदा लिहिले जाते. हे स्पष्टीकरण पटण्याजोगे नाही. १७२० मध्ये स्टर्लिंग कस परत आल्यावरही साधी रूपे कित्येक वर्षे तशीच चालू राहिली. कारण धातूत नसून रुचीत होते, आणि त्याहूनही अधिक ते नव्या कारागिरांच्या हातात होते.

हे नवे कारागीर म्हणजे फ्रान्समधून आलेले ह्युगेनॉट पंथाचे प्रॉटेस्टंट लोक. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचा फर्मान रद्द केला आणि हजारो कुटुंबांनी देश सोडला. त्याच्या आधीपासूनच छळामुळे काहीजण बाहेर पडू लागले होते. प्येर आराश याला लंडनच्या सुवर्णकारांच्या कंपनीने १६८२ मध्येच आपल्यात घेतले. डेव्हिड विलॉम, प्येर प्लातेल, पॉल क्रेस्पिन ही नावे याच परंपरेतील. सर्वांत प्रसिद्ध पॉल द लामरी याचा जन्म १६८८ मध्ये हॉलंडमध्ये निर्वासित आईबापांच्या पोटी झाला. १७०३ मध्ये तो प्लातेलकडे उमेदवार म्हणून राहिला, १७१३ मध्ये त्याने स्वतःची मुद्रा नोंदविली आणि १७५१ मध्ये तो लंडनमध्ये वारला. लंडनच्या जुन्या सोनारांनी या परक्यांविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. पण गिऱ्हाईक त्यांच्याकडे जाई आणि हळूहळू जुने सोनारही त्यांचीच रीत उचलू लागले. शमादानांच्या बाबतीत ही रीत म्हणजे ओतकाम.

ओतकामाची क्रिया पुढीलप्रमाणे होती. प्रथम शमादानाच्या प्रत्येक भागाचा लाकडी किंवा पितळी नमुना तयार करीत. लोखंडी चौकटीच्या दोन अर्ध्या भागांत बारीक, किंचित ओलसर रेती ठासून भरीत, तिच्यात नमुना दाबून त्याचा आकार उमटवीत, आणि नमुना काढून घेऊन त्या पोकळीत वितळलेली चांदी ओतीत. बैठक एकसंध ओतली जाई. दांडा मात्र एकाच ओतात करीत नसत. तो उभा मधोमध चिरल्यासारख्या दोन अर्धुकांत ओतला जाई. यामुळे आतून पोकळी ठेवता येई आणि महागडी चांदी वाया जात नसे. मग दोन्ही अर्धुकांच्या कडा कानशीने सपाट करून, लोखंडी तारेने ती एकत्र आवळून, टाकणखार लावून, चांदीच्या झाळीने जोडीत. दांडा व बैठक यांचा सांधाही असाच झाळून होई. त्यानंतर काळवंडलेला जोड आम्लात उकळून स्वच्छ करणे, चरकावर धरून गोल भाग कातणे, टाकी व ठोकणीने नक्षी साफ करणे, आणि शेवटी झिलई देणे, ही कामे क्रमाने होत. घराण्याचे चिन्ह कोरण्याचे काम वेगळ्या कोरक्यांकडे असे. चित्रकार विल्यम होगार्थ हा तरुणपणी अशाच एका चांदीवरील कोरक्याकडे उमेदवार होता.

आपल्याकडील पितळी समईशी येथे तुलना करण्याचा मोह होतो. समईही ओतीव व कातीव असते. पण तिचे भाग आडवे पाडलेले असतात आणि ते आट्यांनी एकमेकांत फिरवून बसवितात, म्हणून ती सुटी करून घासता येते. इंग्लिश शमादानाचा जोड उभा आणि कायमचा असतो. उत्तम कामात तो बाहेरून मुळीच दिसत नाही. परंतु शमादान उलटे करून, दांड्याच्या पोकळीत दिव्याचा प्रकाश पाडून पाहिले असता समोरासमोरच्या दोन उभ्या रेषा दिसतात, आणि बैठकीच्या तळावर कातताना उठलेल्या समकेंद्री वर्तुळरेषा आढळतात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ओतीव शमादानाच्या परीक्षेत या खुणांना मोठे महत्त्व आहे.

राणी ॲनच्या काळातील (१७०२–१७१४) शमादाने साधारण सहा-सात इंच उंचीची असतात. दांड्याचा आकार कठड्याच्या सुबक खांबासारखा, कधी गोल तर कधी अष्टपैलू. अष्टपैलू प्रकारात प्रत्येक पैलू वरच्या खोबणीपासून बैठकीच्या काठापर्यंत सलग उतरत येतो आणि त्यावर ज्योतीचा प्रकाश तुटक तुटक परावर्तित होतो. नक्षी नाही, कोरीव पाने नाहीत. जे काही आहे ते केवळ प्रमाणात आहे. इंग्लिश चांदीकामातील हा कदाचित सर्वांत निर्दोष काळ होय. १७३० नंतर फ्रेंच 'रोकोको' शैलीची लाट आली. शिंपले, पाने, पिळदार वळणे शमादानावर चढू लागली. लंडनमध्ये स्थायिक झालेला स्विस कलावंत जॉर्ज मायकेल मोझर याने रेखाटलेली अपोलो व डॅफ्नी यांची शमादाने आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांत दांड्याच्या जागी मानवाकृतीच योजिली आहे, आणि पळता पळता वृक्ष होऊ लागलेल्या डॅफ्नीच्या हातांच्या वर बत्तीची जागा केलेली आहे. असे काम ओतकामाखेरीज दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने साधले नसते. याच सुमारास खोबणीत बसणारी सुटी वाटी रूढ झाली. तिच्या रुंद काठावर ओघळलेले मेण साठते आणि ती काढून साफ करता येते. बत्तीचे मेण दांड्यावर ओघळण्याचा जुना त्रास त्यामुळे बराच कमी झाला.

तथापि द लामरीसारख्यांच्या असामान्य कामावरून सर्व लंडनची कल्पना करणे चुकीचे ठरेल. बाजारात खपणारी बहुसंख्य शमादाने हा धंदाच करणाऱ्या ठरावीक कारखान्यांतून येत. जेम्स गूल्ड हा अशांपैकी एक. त्याच्याकडे जॉन कॅफ याने उमेदवारी केली आणि जॉनकडे पुढे त्याचा भाऊ विल्यम शिकला. गूल्ड आणि कॅफ या मुद्रांची शमादाने आजही विपुल आहेत, आणि त्यांच्यात काही मोजके नमुने पुनःपुन्हा येतात, कारण नमुना एकदा तयार झाला की त्यावरून कितीही ओत घेता येत. एकाच नमुन्याची शमादाने निरनिराळ्या मुद्रांखालीही सापडतात. याचा अर्थ नमुने किंवा ओतलेले भाग एका कारखान्यातून दुसऱ्यात जात असत. तेव्हा ओतकाम म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने केलेली हस्तकृती आणि ठसेकाम म्हणजे यांत्रिक पुनरावृत्ती, हा भेद मांडला जातो तितका स्वच्छ नाही. पुनरावृत्ती दोहोंतही आहे.

येथे चांदीवरील छापांचा विचार करणे अवश्य आहे. इंग्लिश चांदीवरील छापांची पद्धत फार जुनी. १३०० च्या कायद्याने बिबळ्याच्या मुखाचा छाप आला, १३६३ मध्ये कर्त्याची मुद्रा सक्तीची झाली, १४७८ पासून दरवर्षी बदलणारे वर्षाक्षर सुरू झाले आणि १५४४ मध्ये चालत्या सिंहाची भर पडली. माल तपासणीसाठी कंपनीच्या सभागृहात, म्हणजे गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, न्यावा लागे. आज मराठीतही रुळलेला 'हॉलमार्क' हा शब्द त्या हॉलवरूनच आलेला आहे. तेथे वस्तूच्या प्रत्येक स्वतंत्र भागातून थोडी खरड काढीत, ती शिशात गुंडाळून हाडांच्या राखेच्या मुशीत भट्टीत घालीत. शिसे व हीण मुशीत शोषले जाऊन शुद्ध चांदीचा मणी उरे, आणि त्याच्या वजनावरून कस ठरे. कस उतरला नाही तर वस्तू तेथेच मोडून टाकीत. उतरला तर छाप ठोकीत, आणि मगच मालकाच्या कारखान्यात शेवटची झिलई होई.

वर्षाक्षरामुळे इंग्लिश चांदीचा काळ ज्या निश्चितीने सांगता येतो तितक्या निश्चितीने दुसऱ्या क्वचितच कोणत्या कलावस्तूंचा सांगता येईल. लंडनच्या चक्रात वीस अक्षरे असत. प्रत्येक चक्रात अक्षराचे वळण किंवा ढालीचा आकार बदले. मात्र याच निश्चितीमुळे अभ्यासकाची एक फसगत होते. 'कर्त्याची मुद्रा' म्हणजे घडविणाऱ्याची सही, असे तो समजू लागतो. वस्तुतः ती मुद्रा माल तपासणीस पाठविणाऱ्याची असे. कसाची जबाबदारी कोणाची, एवढेच ती सांगते. प्रत्यक्ष हात उमेदवाराचा, रोजंदारी कारागिराचा, किंवा दुसऱ्याच कारखान्याचा असू शके. इतरांचा माल आपल्या मुद्रेखाली चालवितो अशी तक्रार खुद्द द लामरीविरुद्धही कंपनीपुढे आली होती.

नकली शमादान ओळखण्याच्या कामी ओतकामाचे ज्ञान छापांच्या ज्ञानाहून अधिक उपयोगी पडते. नकल करणारा बहुधा जुन्या अस्सल शमादानावरूनच रेतीत साचा काढतो. त्यामुळे आकाराबरोबर छापही ओतून येतात. ठोकलेल्या छापाची कड धारदार असते आणि आजूबाजूची चांदी किंचित दबलेली असते. ओतलेला छाप बोथट असतो, त्याच्या तळाशी रेतीचे कण किंवा सूक्ष्म छिद्रे दिसतात. जोडी असेल तर परीक्षा अधिकच सोपी होते. अस्सल जोडीत प्रत्येक छाप हाताने वेगळा ठोकलेला असल्यामुळे दोन शमादानांवरील छापांच्या जागा तंतोतंत जुळत नाहीत. त्या केसभरही न हलता जुळल्या तर दोन्ही, किंवा निदान एक, नकली मानावे लागते. खोटा छाप उमटविणे हा १७५८ च्या कायद्याने देहान्त शिक्षेचा गुन्हा ठरला होता, यावरून राज्यकर्त्यांना छापाची किती काळजी वाटे हे समजते.

ही काळजी केवळ गिऱ्हाइकाच्या हितासाठी नव्हती. तिच्यामागे कर होता. १७२० मध्ये स्टर्लिंग कस परत आला तो दर औंसामागे सहा पेन्सचा कर घेऊनच. वीस औंसांचे, म्हणजे ५३ तोळे ४ मासे वजनाचे, एक ओतीव शमादान उदाहरणादाखल घ्यावे. टांकसाळीच्या ५ शिलिंग २ पेन्स दराने त्यातील चांदीची किंमत ५ पौंड ३ शिलिंग ४ पेन्स होते, आणि कर १० शिलिंग. चौकडी घ्यावयाची तर घडणावळ सोडून वीस पौंडांहून अधिक चांदी आणि वर दोन पौंड कर. हा कर १७५८ मध्ये उठून त्याजागी धंद्याचा वार्षिक परवाना आला. पण अमेरिकेतील युद्धाच्या खर्चाने तिजोरी रिकामी झाल्यावर १७८४ मध्ये तो पुन्हा बसला आणि त्याची पावती म्हणून राजाच्या मस्तकाचा छाप ठोकला जाऊ लागला. ही पद्धत १८९० पर्यंत चालली. कर वजनावर आहे म्हटल्यावर वजन कमी करून रूप राखण्याचा मार्ग जो शोधील त्याच्याकडे मध्यमवर्गीय गिऱ्हाईक वळणार, हे उघड होते.

तो मार्ग शेफील्डने शोधला. शेफील्ड हे चाकू-सुऱ्यांचे, म्हणजे पोलादाचे गाव. १७४० नंतरच्या दशकात बेंजामिन हंट्समन याने तेथे मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद करण्याची कृती सिद्ध केली. असे पोलाद मिळाल्यावर त्यात अत्यंत बारीक नक्षी खोदता येऊ लागली आणि असंख्य आघातांनीही ती बोथट होईना. त्याच सुमारास, १७४३ च्या आसपास, थॉमस बोल्सोव्हर या शेफील्डच्या कारागिराला तांब्याच्या विटेवर चांदीचा पत्रा तापवून घट्ट बसविता येतो आणि मग दोन्ही एकत्र लाटता येतात असे आढळून आले. हा 'शेफील्ड प्लेट' होय. मुलामा आणि हा प्रकार एक नव्हेत. यात चांदीचा थर तांब्याशी सांधलेला असतो. बोल्सोव्हरने त्याची बटणे व डब्या केल्या. जोसेफ हँकॉकने त्याची शमादाने व मोठी भांडी करून दाखविली. तांबे ओतून हे काम होणारच नाही. पत्रा ठशात बसविणे हा एकच उपाय. म्हणून ठसेकामाची विद्या प्रथम शेफील्ड प्लेटसाठी वाढली आणि नंतर तेच ठसे अस्सल चांदीच्या पत्र्यासाठी वापरात आले.

ठसा उठविण्याची क्रिया पाहण्यासारखी होती. पोलादी ठसा भक्कम ओट्यावर बसविलेला असे. त्याच्यावर दोन उभ्या खांबांच्या मधून वरखाली होणारा जड हातोडा दोरीने टांगलेला असे. आधी ठशात वितळलेले शिसे ओतून त्याचा उलटा आकार घेत आणि तो हातोड्याच्या तोंडाला बसवीत. मग ठशावर चांदीचा पत्रा ठेवून हातोडा सोडीत. पण खोल नक्षी एका आघातात उठत नाही, पत्रा फाटतो. म्हणून थोडा आकार आला की पत्रा काढून भट्टीत तापवून मऊ करावयाचा, पुन्हा ठेवावयाचा, पुन्हा आघात. पत्रा कोठे ताणला जाईल, कोठे सुरकुती पडेल, कोणत्या क्षणी थांबून तापवावयाचे, हे सर्व कारागिराच्या डोळ्यावर व कानावर अवलंबून असे. यंत्र होते, पण ते आपोआप चालणारे नव्हते.

असे उठविलेले अनेक तुकडे जोडून एक शमादान होई : दांड्याची दोन अर्धुके, बैठकीचा उतार, काठावरील मण्यांची ओळ, खांबाच्या शिरावरील पाने. मण्यांच्या किंवा पिळाच्या पट्ट्या शोभेसाठी असत तशाच जोड झाकण्यासाठीही. शेवटी आत लोखंडी सळई उभी करून राळ किंवा डांबरयुक्त लगदा भरीत, खाली लाकडी तळ बसवून त्यावर हिरवी बनात चिकटवीत. भरण नसेल तर पत्रा दाबाखाली चेपतो आणि शमादान पेटत्या बत्तीसह कलंडते. भरणामुळे त्याला बूड येते. यात फसवणूक नव्हती. विकणारा व घेणारा दोघेही जाणत की चांदी वरची आहे आणि किंमत त्याच हिशेबाने आहे.

या पद्धतीचे वैगुण्य मात्र लपविण्याचे कारण नाही. बैठकीचे कोपरे व मण्यांचे माथे येथे पत्रा सर्वांत ताणलेला, म्हणून सर्वांत पातळ. दीडशे-दोनशे वर्षांच्या घासपुशीने तेथे भोके पडतात आणि आतली काळी राळ डोकावते. दुरुस्तीसाठी आच द्यावी तर भरण वितळून बाहेर येते. ओतीव शमादान पडले तर बहुधा पोचते. हे पडले तर चेपते, आणि आतून ठोकून सरळ करण्यास वाव नसतो.

परंतु रूपाच्या बाजूने पाहता पारडे इतके एकांगी राहत नाही. १७६० नंतर रुची बदलली होती. हर्क्युलेनियम व पाँपेई येथील उत्खनने झाली होती, रॉबर्ट ॲडम १७५८ मध्ये इटलीहून परतला होता, आणि मेजावरही प्राचीन खांब, हार, मेंढ्यांची मस्तके, कलश यांची चलती झाली. उंची वाढून दहा ते बारा इंच झाली. अशा सरळ, रेखीव, पुनरावर्ती नक्षीला ठसा विशेष मानवतो. एखाद्या कॉरिंथियन खांबाच्या पन्हळी ठशातून ज्या काटेकोरपणे उतरतात, तो काटेकोरपणा रेतीच्या साच्यातून मिळवावयाचा तर ओतल्यानंतर टाकीने कितीतरी काम करावे लागते. येथे कलावंत आहे, पण तो लपलेला आहे. पोलादात उलटी, खोल, निर्दोष नक्षी खोदणारा ठसेखोदक हा शेफील्डच्या शमादानाचा खरा कर्ता होय, आणि त्याची मुद्रा शमादानावर कधीच नसते. त्याचे श्रम एका जोडीवर वसूल होण्यासारखे नव्हते. म्हणून बैठकीचे, दांड्याचे व खोबणीचे ठसे निरनिराळ्या रीतींनी जुळवून अनेक नमुने काढीत, आणि कोरीव चित्रांच्या सूची छापून ते दूरच्या दुकानदारांना दाखवीत. जॉन विंटर याचा कारखाना शमादानांबद्दल विशेष नावाजलेला होता.

शेफील्डची एक मोठी अडचण कायद्याची होती. गावात तपासणीचे कार्यालय नसल्यामुळे चांदीचा प्रत्येक नग लंडनला पाठवावा लागे. बर्मिंगहॅमचा मॅथ्यू बोल्टन हाही याच त्रासात होता. त्याला जवळचे कार्यालय म्हणजे सुमारे सत्तर मैलांवरचे चेस्टर. लॉर्ड शेल्बर्न यांच्यासाठी केलेली शमादाने तेथून परत येताना निष्काळजी बांधणीमुळे खराब झाली, आणि बोल्टनने १७७१ मध्ये त्यांच्याकडेच याचे गाऱ्हाणे नेले. बर्मिंगहॅम व शेफील्ड यांनी मिळून पार्लमेंटपुढे अर्ज केला. लंडनच्या सुवर्णकारांनी कसून विरोध केला. परंतु चौकशीत जुन्या कार्यालयांचे दोषच उघडकीस आले, आणि १७७३ मध्ये दोन्ही गावांना स्वतंत्र कार्यालये मिळाली. बर्मिंगहॅमने नांगराचा छाप घेतला, शेफील्डने मुकुटाचा. ज्या खाणावळीत अर्जदार मंडळींच्या बैठका होत तिचे नाव 'क्राउन अँड अँकर' होते, आणि नाणे उडवून दोघांनी चिन्हे वाटून घेतली, अशी आख्यायिका आहे. शेफील्डचा मुकुट १९७५ पर्यंत चालला. त्यानंतर त्याची जागा गुलाबाने घेतली. शेफील्डची वर्षाक्षरे १८२४ पर्यंत वर्णक्रमाने जात नाहीत, त्यामुळे लंडनच्या सवयीने ती वाचू जाणाऱ्याचा काळ हमखास चुकतो.

१७७३ च्या कायद्यानंतर लंडनच्या व्यापाऱ्यांनी शेफील्डच्या मालाचे काय केले, हे मोठे बोधक आहे. जॉन कार्टर हा लंडनचा एक प्रमुख चांदीवाला होता आणि शमादाने हा त्याच्या धंद्याचा महत्त्वाचा भाग होता. तो शेफील्डहून ठसीव शमादाने विकत घेई, शेफील्डच्या कर्त्याच्या मुद्रेवर आपली मुद्रा ठोकी, ती गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये पुन्हा तपासवून लंडनचे छाप उमटवून घेई आणि आपल्या दुकानातून विकी. ज्या लंडनने शेफील्डच्या कार्यालयाला विरोध केला होता, त्याच लंडनच्या उंची गिऱ्हाइकांच्या मेजांवर शेफील्डची शमादाने लंडनच्या नावाने जाऊन बसली. सूचींमध्ये आज ती 'लंडन, जॉन कार्टर' अशीच नोंदलेली आढळतात. बैठकीच्या काठावरील छाप भिंगाखाली तिरक्या प्रकाशात धरले असता मात्र काही नगांवर कार्टरच्या अक्षरांच्या खालून दुसऱ्या एका मुद्रेची कड, आणि लंडनच्या छापाखाली अर्धवट दबलेला मुकुट, अजून ओळखता येतो.